मानसशास्त्र घेतले, पुढे काय?

बारावीचा निकाल लागला की वस्तीतले पालक मुलामुलींना घेऊन आमच्याकडे सल्ल्याला येतात. पूर्वी विचारणा डी.एड.ची, वकिलीची असे. अलीकडे मानसशास्त्राचीही होते. ही आनंदाची बाब आहे. परंतु पदवीला मानसशास्त्र घेतल्यावर त्यातली कोणती बाजू धरायची, चिकित्सा, समुपदेशन, औद्योगिक की सामाजिक, हे भलत्याच निकषांवर ठरते. 'या पेपरला मार्क सहज मिळतात', 'मैत्रिणीने तोच घेतला', 'संख्याशास्त्र मात्र नको'. खात्यापित्या घरातल्या मुलाला वाट बदलायला वेळ आणि पैसा दोन्ही असतो. ज्या घरातले पहिलेच मूल पदवीला पोहोचले आहे, तिथे एक चुकीचे वळण दोन वर्षे खाते आणि डोक्यावर कर्ज ठेवून जाते. म्हणून हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. नुसत्या बी.ए.वर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' अशी पाटी लावता येत नाही. भारतीय पुनर्वास परिषद कायदा, १९९२ नुसार त्यासाठी मान्यताप्राप्त पात्रता आणि परिषदेकडे नोंदणी लागते. नोंदणीशिवाय व्यवसाय केला तर कलम १३ खाली एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. जुन्या वाटेने बी.ए.ची तीन, एम.ए.ची दोन आणि एम.फिल.ची दोन अशी सात वर्षे लागत. आता परिषदेने नवे अभ्यासक्रम आणले आहेत. तेव्हा फी भरण्यापूर्वी त्या संस्थेला त्या अभ्यासक्रमासाठी परिषदेची मान्यता आहे काय, हे कागदावर पाहून घ्यावे. माहितीपत्रकातल्या रंगीत शब्दांवर विसंबू नये.

दुसरी गोष्ट. नोकरी करता करता घरी बसून मानसशास्त्र शिकू, असे अनेकांना वाटते. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने हा विषय शिकवण्यास मनाई केली आहे. मनावर उपचार करणाऱ्याने प्रत्यक्ष शिक्षण घ्यावे, हे आम्हालाही मान्य. पण दिवसा मजुरी करून रात्री अभ्यास करणाऱ्याने जायचे कुठे? दार बंद करणाऱ्यांनी सायंकाळचे वर्ग आणि पुरेशी शिष्यवृत्ती दिली पाहिजे. ही मागणी विद्यार्थी संघटनांनी लावून धरावी.

मग चिकित्सा शाखा परवडत नसेल तर मानसशास्त्र वाया गेले काय? मुळीच नाही. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ मध्ये समुपदेशकांची तरतूद आहे. बाल न्याय कायदा, २०१५ चे कलम १५ तर प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावे. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलावर अत्यंत गंभीर गुन्ह्याचा आरोप आला, तर त्याची मानसिक क्षमता, परिणामांची समज आणि परिस्थिती यांचे प्राथमिक मूल्यमापन बाल न्याय मंडळ करते. त्यावरून त्याचा खटला प्रौढासारखा चालवायचा की नाही, हे ठरू शकते. मंडळावर बालमानसशास्त्राचा जाणकार सदस्य नसेल तर मानसशास्त्रज्ञाची मदत घेणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केले. झोपडपट्टीतल्या पोराचे अख्खे आयुष्य या मूल्यमापनावर अवलंबून असते. ते करणाऱ्याला त्या पोराची गल्ली, शाळा आणि घर ठाऊक असायला नको काय?

परंतु केवळ कळकळ असून भागत नाही. अमेरिकेतील मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय विद्यार्थिनीने हॉवर्ड विद्यापीठात गणितापासून सुरुवात केली आणि नंतर मानसशास्त्राकडे वळली. पदवीनंतर तिने एका वकिलाच्या कचेरीत काम केले. वंशभेदाविरुद्धचे खटले कसे उभे राहतात, ते तिथे पाहिले. पुढे पती केनेथ यांच्यासह तिने लहान मुलांपुढे गोऱ्या आणि सावळ्या बाहुल्या ठेवून प्रयोग केले. बहुसंख्य कृष्णवर्णीय मुलांनी गोरी बाहुली 'चांगली' म्हणून निवडली. १९५४ साली ब्राऊन खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, तेव्हा निकालाच्या तळटीपेत केनेथ क्लार्क यांच्या लेखनाचा दाखला होता. अपमान मुलाच्या मनात घर करतो, हे सोसणाऱ्यांना आधीपासून माहीत होते. न्यायालयासमोर ते मांडायला प्रयोग आणि मोजमाप लागले.

आमचे सांगणे एवढेच. आधी कोणते काम करायचे ते ठरवा: रुग्णालयातले, शाळेतले, कारखान्यातले की न्यायालयातले. त्या कामाला कोणती पात्रता लागते ते शोधा आणि तिथून मागे येत शाखा निवडा. शाखा कोणतीही घ्या, संख्याशास्त्र आणि प्रात्यक्षिके सोडू नका. उलटतपासणीत साक्षीदाराला आम्ही पहिला प्रश्न हाच विचारतो: हे तुम्ही कशावरून म्हणता? आपल्या मुलामुलींपाशी त्याचे उत्तर तयार असले पाहिजे.