मणका, मज्जारज्जू आणि नस: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पाठीच्या कण्यात 33 मणके असतात: मानेचे 7, पाठीचे 12, कमरेचे 5 आणि त्याखाली एकजीव झालेले त्रिकास्थीचे 5 व माकडहाडाचे 4. या मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू उतरतो, पण तो शेवटपर्यंत जात नाही. प्रौढ माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो आणि पुढे घोड्याच्या शेपटीसारखा नसांचा झुपका उतरतो. मणका, मज्जारज्जू आणि नस या तिन्ही गोष्टी एकच मानल्या जातात, आणि कण्याविषयीचे बरेचसे गैरसमज तिथूनच सुरू होतात.

बाळंतपणात कमरेत घेतलेल्या इंजेक्शनने जन्माची कंबरदुखी लागते, हा त्यांतला घरोघरचा समज. ही सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली टोचतात. टोचल्या जागी काही दिवस दुखते, क्वचित तीव्र डोकेदुखीही होते. मात्र वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीशी या सुईचा संबंध अभ्यासांत आढळलेला नाही.

‘गादी सरकली’ असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात गादी दोन मणक्यांना घट्ट चिकटलेली असते, ती जागची हलत नाही. तिचे बाहेरचे कडे फाटते, आतला मऊ गर बाहेर येतो आणि नसेच्या मुळाशी दाह व दाब निर्माण होतो. पायात उतरणारी कळ यातून येते, हे मिक्स्टर आणि बार या अमेरिकन डॉक्टरांनी 1934 मध्ये दाखवून दिले. पण फुगलेली गादी दिसली म्हणजे दुखणे तिचेच, असे नाही. कसलाही त्रास नसलेल्या लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार विशीतल्या सुमारे 30 टक्के आणि ऐंशीतल्या 84 टक्के लोकांची गादी फुगलेली असते. नुसता एमआरआयचा कागद पाहून घाबरणे म्हणूनच चुकीचे.

ऑपरेशनबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात: एक, त्यावाचून इलाज नाही, दुसरे, त्याने माणूस अंथरुणाला खिळतो. नेदरलँड्समध्ये पायाच्या तीव्र कळेच्या 283 रुग्णांवर झालेल्या अभ्यासात (2007) लवकर ऑपरेशन केलेल्यांना थांबून पाहिलेल्यांपेक्षा आराम लवकर मिळाला, पण वर्षभराने दोन्ही गटांची स्थिती जवळपास सारखी होती. थांबून पाहिलेल्यांपैकी 39 टक्क्यांना मात्र पुढे ऑपरेशन करावेच लागले. घरगुती इलाजांपैकी, उसण भरल्यावर पायाळू माणसाकडून कमरेवर लाथ मारून घेण्याची रीत अजून काही ठिकाणी आहे. ती सोडून द्यावी. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धाचा मणका अशा आघाताने मोडू शकतो. साधी उसण बहुधा काही आठवड्यांत आपोआप उतरते. पडून राहण्यापेक्षा झेपेल तेवढे हिंडणे-फिरणे बरे.

तुटलेली नस पुन्हा येतच नाही, हेही अर्धसत्य आहे. हातापायांतल्या नसा दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढू शकतात. कोपरापासून बोटापर्यंत पोचायला वर्षभर तरी लागते. मज्जारज्जूचे तंतू मात्र तसे वाढत नाहीत. डेव्हिड आणि अगुआयो यांनी 1981 मध्ये उंदरांमध्ये दाखवले, की परिघीय (हातापायांतल्या) नसेचा तुकडा जोडला तर तेही वाढतात. उणीव तंतूंत कमी आणि भोवतालच्या ऊतींत जास्त. माणसासाठी यातून खात्रीचा उपचार अजून निघालेला नाही.

पण मज्जारज्जूला इजा झाली म्हणून आयुष्य संपत नाही. सांगली जिल्ह्यातले जवान मुरलीकांत पेटकर यांना 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी 50 मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. हे भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण.

कामगार वस्त्यांत उंचावरून पडणे आणि रस्त्यावरचे अपघात हेच कण्याच्या दुखापतीचे मोठे धोके. अशा जखमीला हातपाय धरून उचलू नये किंवा बसवू नये. मान-पाठ सरळ ठेवून अनेकांनी मिळून फळीवर घ्यावे. आणि कंबरदुखीबरोबर मांड्यांमधला भाग बधिर झाला, लघवी अडली किंवा पायातली ताकद गेली, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.