आपण कोठे आहोत? : हाती धरावयाच्या जीपीएस यंत्राची निवड आणि वापर

कोलकात्याच्या उत्तर भागात, हुगळी नदीच्या पूर्व काठावर, बागबाजार नावाची जुनी वस्ती आहे. तेथील एका गल्लीचे नाव मराठी वाचकास थबकविणारे आहे. ते नाव ‘मराठा डिच लेन’, म्हणजे मराठा खंदकाची गल्ली. नागपूरकर रघूजी भोसले यांचे कारभारी भास्करराम कोल्हटकर यांच्या फौजा १७४२ साली बंगालवर चालून गेल्या. त्यांच्या धास्तीने ईस्ट इंडिया कंपनीच्या कोलकात्याभोवती खंदक खणण्यास प्रारंभ झाला, आणि त्याचे उत्तर टोक बागबाजारजवळ होते. योजलेली लांबी सात मैल. प्रत्यक्षात सुमारे तीन मैल काम झाले व मराठे नगरावर येत नाहीत असे पाहून ते सोडून देण्यात आले. १७९९ मध्ये खंदकाचा बराचसा भाग बुजविण्यात आला आणि तेथे सर्क्युलर रोड झाला. आज त्या मार्गास आचार्य प्रफुल्लचंद्र रोड व आचार्य जगदीशचंद्र बोस रोड अशी नावे आहेत.

खंदक आज दिसत नाही. पण तो जेथे होता ते स्थान नाहीसे झालेले नाही. पृथ्वीवरील कोणतेही स्थान अक्षांश आणि रेखांश या दोन आकड्यांनी सांगता येते, आणि ते आकडे क्षणात दाखविणारे यंत्र आज खिशात मावते. हे जीपीएस यंत्र हाती असलेला विद्यार्थी नाहीशा झालेल्या खंदकाची रेषा चालता चालता नकाशावर उमटवू शकतो. गिर्यारोहक, वनरक्षक, कोळी आणि भूशास्त्रज्ञ यांनाही त्याचा तेवढाच उपयोग होतो. मात्र यंत्र काय सांगते आणि काय सांगत नाही, हे ध्यानी न घेता त्यावर विसंबणे धोक्याचे असते. शहरात वाट चुकली तर कोणास तरी विचारता येते. पावसाळी धुक्यात सह्याद्रीच्या धारेवर विचारावयास कोणी नसते.

यंत्राचे कार्य

जीपीएस ही अमेरिकेने उभारलेली उपग्रहांची योजना होय. तिचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडण्यात आला आणि १९९५ मध्ये ती पूर्णत्वास गेली. हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून दिवसाकाठी साधारण दोन प्रदक्षिणा करतात. प्रत्येक उपग्रह स्वतःची जागा आणि संदेश निघाल्याची वेळ सतत प्रसारित करीत असतो. हातातील यंत्र स्वतः काहीच प्रसारित करीत नाही. ते केवळ ऐकते. संदेश येण्यास किती वेळ लागला यावरून ते उपग्रहाचे अंतर काढते. तीन उपग्रहांच्या अंतरांवरून स्थान निश्चित होऊ शकते. परंतु यंत्रातील साधे घड्याळ उपग्रहातील आण्विक घड्याळाइतके अचूक नसते. यास्तव त्याची चूक काढण्यासाठी चौथा उपग्रह लागतो.

येथे वेळेचे मोल फार मोठे आहे. रेडिओलहरी सेकंदाला सुमारे तीन लक्ष किलोमीटर जातात. म्हणून सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक तीनशे मीटरांची चूक होते. आइनस्टाइनच्या सापेक्षतावादानुसार उपग्रहातील घड्याळ पृथ्वीवरील घड्याळापेक्षा दररोज सुमारे ३८ दशलक्षांश सेकंद पुढे जाते. तेवढी दुरुस्ती केली नाही, तर एका दिवसात दहा किलोमीटरांहून अधिक चूक साचेल.

मे २००० पर्यंत अमेरिकेने नागरी वापरासाठीच्या संदेशांत हेतुपुरस्सर दोष ठेवला होता व चूक शंभर मीटरांपर्यंत जात असे. तो दोष काढल्यापासून मोकळ्या आकाशाखाली साधे यंत्रही सामान्यतः तीन ते पाच मीटरांच्या आत स्थान दाखविते. आता रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ व चीनची बैदू या योजनाही जगभर उपलब्ध आहेत. भारताच्या ‘नाविक’ योजनेचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडण्यात आला.

बागबाजारातील दोन जागा

यंत्राच्या मर्यादा समजण्यासाठी बागबाजार ही उत्तम शाळा आहे. घाटावर उभे राहिले असता नदीच्या बाजूस आकाश मोकळे असते. तेथे यंत्र सर्व दिशांच्या उपग्रहांचे संदेश ऐकते व आकडे स्थिर राहतात. तेच यंत्र आतल्या अरुंद गल्लीत नेले, तर दोन्ही बाजूंच्या जुन्या उंच घरांमुळे आकाशाची केवळ एक पट्टी उरते. काही संदेश भिंतीवर आपटून वळसा घेऊन येतात, आणि यंत्र त्या वळशास खरे अंतर समजते. मग माणूस गल्लीत उभा असताना पडद्यावरील खूण शेजारच्या घरात, कधी पलीकडच्या रस्त्यावर, उडी मारते. सह्याद्रीतील खोल घळीत आणि दाट झाडीतही हेच घडते. पडद्यावर अचूकतेचा जो आकडा दिसतो तो यंत्राने बांधलेला अंदाज आहे. त्यास हमी समजू नये.

कोलकात्याच्या आकाशाचा आणखी एक विशेष आहे. पृथ्वीभोवती विद्युत्भारित कणांचा जो थर आहे त्यास आयनांबर म्हणतात. त्याचे संशोधन भारतात रुजविण्याचे श्रेय कोलकाता विद्यापीठातील शिशिरकुमार मित्र यांना जाते. विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांस काही अंतरावर हा थर विशेष दाट होतो, आणि कोलकाता त्या उत्तरेकडील दाट पट्ट्याजवळ आहे. उपग्रहांचे संदेश त्यातून येताना मंदावतात. मार्च-एप्रिल व सप्टेंबर-ऑक्टोबर या काळात, सूर्यावरील डाग वाढलेल्या वर्षी, सूर्यास्तानंतर ते थरथरतात व तुटतातही. दोन निरनिराळ्या कंप्रता ऐकणारे यंत्र त्या दोहोंना झालेल्या विलंबाची तुलना करून चुकीचा मोठा भाग काढून टाकते. इस्रो व विमानतळ प्राधिकरण यांनी विमानांसाठी उभारलेली ‘गगन’ योजनाही अशीच साहाय्यक आहे. कोलकात्यासह देशातील अनेक ठाण्यांवर चूक मोजली जाते व तिची दुरुस्ती भूस्थिर उपग्रहांमार्फत प्रसारित होते. हे उपग्रह विषुववृत्तावर असल्याने भारतातून त्यांच्यासाठी दक्षिणेकडील आकाश मोकळे असावे लागते.

यंत्राची निवड

हाती धरण्याजोगे पहिले जीपीएस यंत्र १९८९ मध्ये विक्रीस आले. आज साध्या मोबाइल फोनमध्येही ही सोय असते. मग निराळे यंत्र कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. एका दिवसाच्या, परिचित वाटेच्या सहलीस फोन पुरेसा असतो. तथापि फोन पहिले स्थान लवकर काढतो ते बहुधा मोबाइलच्या जाळ्याच्या मदतीने. जाळे नसेल तेथे त्याचा वेग मंदावतो, नकाशा आधी उतरवून ठेवलेला नसल्यास पडदा कोराच राहतो, ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही आणि संकटसमयी बोलण्यासाठी राखावयाची बॅटरी वाट पाहण्यातच संपते.

निराळे यंत्र घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात. ते एकाहून अधिक उपग्रह-योजना व दोन कंप्रता ऐकते काय? ‘गगन’सारखी दुरुस्ती स्वीकारते काय? त्यास बटणे आहेत काय, व उन्हात पडदा वाचता येतो काय? पाण्यापासून संरक्षणाची ‘आयपीएक्स-७’ ही प्रत असल्यास यंत्र एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकावे अशी अपेक्षा असते. कोकणातील पावसास तेवढे आवश्यकच आहे. बाजारात सर्वत्र मिळणाऱ्या पेन्सिल सेलवर चालणारे यंत्र दूरच्या प्रवासास सोयीचे, कारण सेल बदलले की काम पुढे चालते. थंडीत सेल लवकर क्षीण होतात. हिमालयात जाणाऱ्याने जादा सेल अंगाजवळ उबेत ठेवावेत.

खरेदीपूर्वी कायद्याचाही विचार करावा. काही यंत्रे स्थान दाखविण्याबरोबर उपग्रहामार्फत संदेश पाठवितात. परदेशांत ती सर्रास विकली जातात. परंतु भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीवाचून अशी साधने वापरता येत नाहीत. परदेशस्थ नातलगांनी भेट म्हणून ती आणू नयेत. केवळ ऐकणाऱ्या यंत्रास ही अडचण नाही.

आकड्यांची भाषा

यंत्राने दिलेला आकडा कोणत्या पद्धतीने लिहिला आहे, हे ठाऊक नसेल तर तो अर्धवट ठरतो. बागबाजारचे स्थान सुमारे २२ अंश ३६ कला उत्तर आणि ८८ अंश २२ कला पूर्व असे आहे. एका अंशात साठ कला असतात. म्हणून दशांश पद्धतीत हाच अक्षांश २२.६० होतो. घाईत कोणी ‘बावीस, छत्तीस’ एवढेच कळविले व ऐकणाऱ्याने २२.३६ असे लिहून घेतले, तर केवळ अक्षांशाच्या चुकीने शोधपथक दक्षिणेस सुमारे २७ किलोमीटर दूर जाईल. जखमी माणूस डोंगरावर वाट पाहत असताना ही चूक जिवावर बेतू शकते. यास्तव ११२ या क्रमांकावर किंवा गावकऱ्यांना स्थान सांगताना अंश, कला, दशांशचिन्ह हे शब्द स्पष्ट उच्चारावेत, ऐकणाऱ्याकडून आकडे परत म्हणवून घ्यावेत, आणि जवळच्या गावाचे वा किल्ल्याचे नावही सांगावे.

दुसरी गोष्ट आधारपृष्ठाची. पृथ्वी पूर्ण गोल नाही. म्हणून नकाशासाठी तिचा एक गणिती आकार गृहीत धरावा लागतो. बागबाजारच्या उत्तरेस बराकपूर ट्रंक रोड लागतो. त्या रस्त्यावर १८३१-३२ मध्ये जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या नेतृत्वाखाली सहा मैलांहून अधिक लांबीची आधाररेषा मोजण्यात आली व तिच्या टोकांना मनोरे उभारण्यात आले. अशा आधाररेषांवरून भारताची त्रिकोणमितीय मोजणी झाली, आणि एव्हरेस्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा पृथ्वीचा आकार भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशांचा पाया झाला. जीपीएस यंत्र मात्र ‘डब्ल्यूजीएस-८४’ हा निराळा आकार धरून चालते. परिणामी यंत्राचे आकडे जुन्या नकाशावर तसेच मांडले, तर कोलकात्याच्या परिसरात खूण दोनशे मीटरांहून अधिक सरकते. यंत्र बरोबर असते आणि नकाशाही बरोबर असतो. दोघांची भाषा निराळी असते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानुसार जनतेसाठीचे नकाशे डब्ल्यूजीएस-८४ वर काढले जाऊ लागले. जुना नकाशा वापरताना त्याच्या समासातील टीप वाचून यंत्रातील मांडणी त्याप्रमाणे बदलावी.

प्रत्यक्ष वापर

निघण्यापूर्वी मोकळ्या जागी काही मिनिटे स्थिर उभे राहावे, म्हणजे यंत्रास उपग्रहांची माहिती पूर्ण ऐकता येते. मग निघण्याच्या जागेची खूण यंत्रात नोंदवावी. परतीसाठी हीच खूण सर्वांत मोलाची होय. वाटेत माग नोंदविण्याची सोय चालू ठेवावी. फाटे, पाणवठे आणि कड्याजवळच्या जागा नोंदवाव्यात.

यंत्र दाखविते ते अंतर सरळ रेषेतील असते. बागबाजारच्या घाटावरून पलीकडचा हावड्याचा काठ काही शे मीटरांवर दिसतो. पण पायी जाणाऱ्यास हावडा पुलापर्यंत वळसा घ्यावा लागतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर हाच धडा अधिक कठोर होतो. पायथ्याचे बेलपाडा गाव नकाशावर जवळ दिसते. मध्ये मात्र उभा कडा आहे. तेथे यंत्राच्या बाणामागे जाणे म्हणजे मृत्यूस आमंत्रण देणे होय.

तोच बाण स्थिर उभे असता बहुधा निरुपयोगी ठरतो, कारण चुंबकसूची नसलेले यंत्र चालण्याच्या दिशेवरूनच दिशा ओळखते. चुंबकसूची असली तरी लोखंडी पूल, रुळ व मोटारी यांपासून दूर जाऊन ती जुळवून घ्यावी. उंचीचा आकडा आडव्या स्थानापेक्षा कमी भरवशाचा असतो. वायुभारमापक असलेले यंत्र ज्ञात उंचीच्या जागी जुळवून घेतल्यास बरेच चांगले काम देते, पण हवामान बदलताच त्याचा आकडाही बदलतो.

सराव प्रथम सुरक्षित जागी करावा. कोलकात्यातील विद्यार्थ्यांनी बागबाजारहून श्यामबाजारच्या पाच रस्त्यांच्या चौकात जाऊन तेथून दक्षिणेस आचार्य प्रफुल्लचंद्र रोडने चालावे आणि नोंदलेला माग जुन्या नकाशावर ठेवून खंदकाच्या रेषेशी ताडून पाहावा. महाराष्ट्रातील शाळांना आपल्या गावचा बुजलेला तट, जुना कालवा किंवा ओढा यासाठी निवडता येईल. दोन मुलांनी दोन यंत्रे घेऊन एकाच जागेचे आकडे टिपले, तर चूक किती व कशी असते हे पुस्तकावाचून कळेल.

कागदी नकाशा आणि होकायंत्र यांची जागा हे यंत्र घेत नाही. सेल संपतात, यंत्र पाण्यात पडते, घळीत संदेश तुटतात. नकाशा वाचण्याची सवय मात्र अशा वेळी साथ सोडत नाही. उपग्रह माणसास तो कोठे आहे एवढेच सांगतात. तेथून कोठे व कोणत्या वाटेने जावयाचे, आणि केव्हा माघारी फिरावयाचे, हा निर्णय चालणाऱ्याचाच असतो.