‘उष्ण पडणे’ आणि यिन-यांग

हातकणंगले तालुक्यातील पेठ वडगावच्या आठवडी बाजारात ऋतू पालटला की मालही पालटतो. चैत्र-वैशाखात सब्जा, वाळा, काकड्या व कलिंगडे पुढे येतात. मार्गशीर्षात डिंक, अळीव, खारीक व सुंठ यांना मागणी येते. गूळ मात्र बारमाही. या खरेदीमागे एक शरीरविचार आहे. तो कोणी शिकविलेला नसतो, परंतु घराघरांत बोलला जातो. पपई ‘उष्ण’ आणि काकडी ‘थंड’ हे त्यातील ढोबळ वर्गीकरण झाले. त्याहून लक्षणीय आहेत ती क्रियापदे. पपई एखाद्याला ‘उष्ण पडते’. दही एखाद्याला ‘मानवत नाही’, ‘सोसत नाही’ किंवा ‘बाधते’. पदार्थ कसा आहे, एवढेच सांगून ही क्रियापदे थांबत नाहीत. तो कोणाला व केव्हा तसा पडतो, हा प्रश्न त्यांत गृहीत आहे.

चिनी वैद्यकातील यिन व यांग या संज्ञांचे विवेचन मराठीत बहुधा ‘थंड’ व ‘उष्ण’ या जोडीवर उरकले जाते. हे भाषांतर सोयीचे असले तरी अपुरे आहे. मूळ अर्थाने यिन म्हणजे डोंगराची सावलीकडील बाजू आणि यांग म्हणजे उन्हाकडील बाजू. चीनमध्ये डोंगराची दक्षिण बाजू यांग ठरते, तर नदीचा उत्तर तीर यांग ठरतो; लुओयांग या प्राचीन राजधानीच्या नावात लुओ नदीच्या उत्तर तीराचाच निर्देश आहे. यावरून यिन वा यांग हे द्रव्य नव्हे आणि वस्तूचा कायमचा गुणही नव्हे, हे स्पष्ट होईल. ती परस्परसापेक्ष स्थाने होत. शरीराची पाठ यांग, पुढील बाजू यिन. परंतु त्या पुढील बाजूतही छाती ही पोटाच्या मानाने यांग असते. ‘ह्वांगदी नेइजिंग’ या हानकालीन संग्रहात हा विचार वैद्यकाचा पाया म्हणून मांडलेला आढळतो.

समतोलाची कल्पना खरी उपयोगी पडते ती रोगविचारात. तराजूचे एक पारडे खाली जाते तेव्हा त्याची कारणे दोन असू शकतात : त्यात भर पडली असेल, किंवा समोरच्या पारड्यातून काही कमी झाले असेल. यांग वाढल्याने उष्णता दिसते. पण यिन क्षीण झाल्यानेही उष्णताच दिसते. थंडीचीही अशीच दोन कारणे. पहिल्या उष्णतेत ताप जोराचा, चेहरा लाल व तहान फार. दुसरीत दुपारनंतर कणकण, रात्री घाम, घशाला कोरड आणि तळहात-तळपायांची आग. पहिलीत उष्णता काढावयाची असते, दुसरीत झीज भरून काढावयाची असते. तेथे केवळ थंड उपचार केले तर आधीच दुबळा झालेला रोगी अधिक दुबळा होतो, असे चिनी वैद्य मानतात. घरगुती मराठी विचाराला हा भेद जवळजवळ अपरिचित आहे. ‘उष्णता वाढली’ या निदानात ‘वाढली’ हेच एक क्रियापद उपलब्ध आहे.

महाराष्ट्रात चिनी वैद्यक आले ते आहारविचाराच्या नव्हे, सुईच्या रूपाने. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ मध्ये तेथेच निवर्तले. परंतु त्यांचे कार्य आधुनिक शल्यवैद्याचे होते. (त्यांच्या जीवनावर १९४६ मध्ये चित्रपट काढणारे व्ही. शांताराम हे कोल्हापूरचे.) त्याच पथकातील डॉ. बसू यांनी पुढे चीनमध्ये सूचिवेध, म्हणजे ॲक्युपंक्चर, आत्मसात करून तो भारतात आणला. महाराष्ट्राने २०१५ च्या अधिनियमाने या उपचाराला कायद्याची चौकट दिली. सुईमागील यिन-यांगविचार मात्र लोकव्यवहारात फारसा उतरला नाही.

त्यामुळे येथील ‘उष्ण-थंड’ हे आयुर्वेदाचेच लोकरूप, असे सहज म्हटले जाते. तेही सर्वस्वी खरे नाही. दही थंड, म्हणून सर्दीत वर्ज्य, असे घर म्हणते. चरकसंहितेने दही उष्ण गणले आहे. वडगावात काय किंवा कोकणात काय, उन्हाळ्यातील पहिले पेय ताक. सुश्रुताच्या मते तेही उष्णवीर्य. आयुर्वेदाचा तराजू दोन पारड्यांचा नाहीच. तेथे वात व कफ दोन्ही शीत, पण एक रूक्ष आणि दुसरा स्निग्ध, उष्णता पित्ताकडे. घराने शास्त्रातील शब्द घेतले, परंतु त्यांचा निवाडा जिभेला व त्वचेला जाणवणाऱ्या थंडाव्यावर केला. रंगावरून केलेला निवाडा तर अधिकच फसवा. तांबडा रस्सा उष्ण आणि पांढरा थंड, अशी यिन-यांगाची जोडी कोल्हापुरी ताटात शोधण्याचा मोह कोणालाही होईल. पण पांढऱ्या रश्श्यातही मटणाचा अर्क, मिरी, आले व लसूण असतात.

असे असूनही दोन देशांतील आचारांचे साम्य चकित करणारे आहे. बाळंतीण दोन्हीकडे ‘थंड’ समजली जाते. चीनमध्ये ती महिनाभर वाऱ्यापासून जपली जाते व तिला आले आणि तांबडी साखर दिली जाते. येथे कान बांधणे, शेक-शेगडी, सुंठ आणि गूळ. तोंड येणे व घसा धरणे ही दोन्हीकडे उष्णतेची लक्षणे. रक्तस्रावानंतर जाणवणारी थंडी, उन्हात आटलेले पाणी हे अनुभव सर्वत्र सारखेच. साम्याचे मूळ उसनवारीपेक्षा तेथे शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल.

या भाषेचा धोका असतो तो एकाच शब्दाखाली अनेक रोग गोळा होतात तेव्हा. ‘उन्हाळी लागणे’ ही तक्रार वैशाखात पाणी कमी प्याल्याने होते आणि धन्याचे पाणी भरपूर पोटात गेल्याने थांबते. तीच तक्रार मूत्रमार्गातील जंतुसंसर्गाने झाली तर धन्याच्या पाण्यावर विसंबणे महागात पडते. तळपायांच्या आगीवर काशाच्या वाटीने तूप घासतात. पाय काळा पडला की उष्णता उतरली असे मानतात. वस्तुतः तो काळिमा धातू व तूप यांच्या घर्षणाचा असतो. चोळण्याने बरे वाटते, यात शंका नाही. परंतु ही आग मधुमेहाने नसा दुखावल्याचे किंवा बी-१२ जीवनसत्त्वाच्या उणिवेचे चिन्ह असू शकते, आणि ते वाटीला कळत नाही. ‘कडकी’ म्हणून सांगितली जाणारी दुपारनंतरची कणकण, रात्रीचा घाम व रोडावणे हे वर्णन चिनी वैद्यकातील यिन-क्षयाशी विलक्षण जुळते. क्षयरोगाशीही ते तितकेच जुळते. त्याचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये दाखविला, आणि औषधांनी तो आज बरा होतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर प्रथम थुंकीची तपासणी व्हावयास हवी. गुलकंद त्यानंतरही चालू ठेवता येतो.