पिकअप ऑटोमॅटिक वॉशमध्ये घालायची का?

मुलुंड-घाटकोपर पट्ट्यात तुमची बोलेरो पिकअप किंवा टाटाचा छोटा हत्ती धंद्यात फिरत असेल, तर हा प्रश्न येणारच. ब्रशवाल्या ऑटोमॅटिक वॉशमध्ये गाडी घालायची का? माझं उत्तर, शक्यतो नाही.

ही मशीन्स मुळात कारसाठी. ब्रश बंद, गुळगुळीत बॉडीवरून सरकतो. तुमच्या गाडीला उघडा हौदा, ताडपत्रीच्या दोऱ्या, बाजूला हुक, वर लोखंडी सांगाडा. एक दोरी ब्रशमध्ये गुंडाळली की नुकसान कोणी भरायचं, या वादातच अख्खी ट्रिप गेली समजा. दारावर दुकानाच्या नावाचं स्टिकर लावलंय? त्याच्या कडा आधी उचलल्या जातात.

आणि खरा मळ असतो कुठे? वाशी मार्केटमधून भाजी आणता, तो पाला हौद्याच्या कोपऱ्यात कुजतो. पावसाळ्यात चिखल खाली चासीला चिकटतो, गंज तिथूनच सुरू होतो. ब्रश तिथे पोचतच नाही! त्यापेक्षा प्रेशर पंपवाल्या साध्या वॉशिंग सेंटरला जा. फाळका उघडून हौदा आतून धुवून घ्या, खालूनही पाणी मारायला सांगा. फक्त वायरिंगच्या जोडांवर नोझल जवळून मारू देऊ नका.

ब्रश नसलेलं, नुसत्या फवाऱ्याचं मशीन असेल तर चालेल. पण सांगाड्यासकट उंची टेपने मोजून गेटवरच्या आकड्याशी ताडा, ताडपत्री काढा, आरसे दुमडा.

धुवायचं ते शेवटच्या ट्रिपनंतर, रात्री. ओल्या हौद्यात सकाळी माल भरलात तर पुठ्ठ्याचे खोके तळातून फाटतात, आणि गिऱ्हाईक तो माल परत पाठवतं.