डोंगरउतारावरील मुरमाड कुरणजमीन : तिचे गुणधर्म व प्रतवारी

सातारा जिल्ह्याच्या माण व खटाव तालुक्यांत महादेवाच्या डोंगररांगांवर पहिला चांगला पाऊस झाला की आठवडाभरात सारे उतार हिरवे दिसू लागतात. पुढे आठ-दहा दिवसांची उघडीप पडली की तेच कोवळे गवत पिवळे पडून माना टाकते. त्याच वेळी पायथ्याच्या खोल काळ्या रानातील पीक मात्र टवटवीत उभे असते. पाऊस दोहोंकडे सारखाच झालेला असतो. फरक असतो तो जमिनीच्या पोटात. डोंगरपट्टीचा एखादा तुकडा नांगराखाली आणावा की कुरण म्हणून राखावा, हा प्रश्न गावोगावी निघतो, आणि बहुधा त्याचा निकाल वरवरच्या हिरवळीवरून लावला जातो. वास्तविक तो एका लहानशा खड्ड्यावरून लावावयास पाहिजे.

ही जमीन काळ्या पाषाणापासून, म्हणजे बेसाल्ट खडकापासून, झालेली आहे. दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थर एकावर एक आडवे पसरले आणि थिजले. ऊन, पाऊस व मुळे ह्यांच्या योगाने खडकाला भेगा पडतात, कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे त्याची सालपटे निघतात, आणि ह्या कुजलेल्या खडकाचा मुरूम होतो. मुरमाची पुढे माती होते. सपाटीवर ही माती जागच्या जागी साठते. उतारावर तसे होत नाही. माती तयार होते तोच पावसाचे पाणी तिचा बारीक अंश खाली वाहून नेते आणि जाड खडे तेवढे मागे राहतात. पायथ्याची काळी जमीन पुष्कळ अंशी डोंगराने गमावलेली मातीच होय. म्हणून डोंगरावरील जमीन वयाने कितीही जुनी असली तरी घडणीने ती सदैव कोवळीच राहते.

मृदाशास्त्रात २ मिलिमीटरपेक्षा बारीक कणांसच माती म्हणतात. त्याहून मोठे ते खडे, गोटे व दगड. पाणी व अन्नद्रव्ये धरून ठेवण्याचे काम मुख्यत्वे बारीक मातीच करते. सबब मुरमाड जमिनीत एकंदर खोली किती, एवढे विचारून भागत नाही. त्या खोलीत खऱ्या मातीचा वाटा किती, हे पाहावे लागते.

तो वाटा गावातच मोजता येतो. उताराच्या मध्यभागी, ओघळीपासून व झाडापासून दूर, साधारण वीतभर रुंद व वीतभर खोल खड्डा घ्यावा. निघालेली सर्व माती खड्यांसह एका पोत्यावर जमा करावी. कण न कण ठेवावा. मग खड्ड्यास आतून प्लॅस्टिकचा पातळ कागद लावून त्यात मापाने पाणी ओतावे. काठापर्यंत जितके लिटर पाणी मावेल तितके खड्ड्याचे आकारमान. नंतर माती वाळवून, ढेकळे लाकडी मोगरीने हलकेच फोडून, २ मिलिमीटर छिद्रांच्या चाळणीतून चाळावी. वर राहिलेले खडे धुऊन रात्रभर पाण्यात भिजवावे व वरचे पाणी पुसून टाकावे. काठोकाठ भरलेल्या बादलीत ते सोडले असता जेवढे पाणी बाहेर सांडेल तेवढे खड्यांचे आकारमान समजावे. येथे एक सावधगिरी पाहिजे. ह्या जमिनीतील घट्ट ढेकूळ कित्येकदा खड्यासारखेच दिसते. पाण्यात ठेवल्यावर ढेकूळ विरघळते, खडा विरघळत नाही.

समजा, खड्डा १० लिटरचा भरला व खडे ५ लिटर निघाले. म्हणजे जमिनीचा निम्मा भाग दगडच आहे. अशा जमिनीची खोली २० सेंटिमीटर असेल तर तीत खरी माती १० सेंटिमीटरच ठरते. मध्यम ते भारी पोताची बारीक माती दर सेंटिमीटरला सुमारे दीड मिलिमीटर पाणी पिकाच्या उपयोगासाठी धरते. ह्या हिशेबाने सर्व जमिनीत मिळून अवघे १५ मिलिमीटर पाणी राहते. पावसाळ्यातील उघडिपीत वाढते गवत व ऊन मिळून दिवसाला ४ ते ५ मिलिमीटर पाणी सहज खर्च करतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी साठा संपतो. उलट, एक मीटर खोल काळी जमीन १५० मिलिमीटर वा त्याहून अधिक पाणी धरून ठेवते. डोंगराचे गवत लवकर का सुकते, ह्याचे उत्तर ह्या साध्या गुणाकारात आहे.

आणखी एक गोष्ट ह्या हिशेबातून निघते. ५० मिलिमीटरचा पाऊस झाला तर त्यातील १५ मिलिमीटर मातीत मुरेल. उरलेले पाणी जमीन धरूच शकत नाही. ते एक तर खडकाच्या फटींतून खाली झिरपते, नाहीतर उतारावरून धावत जाते. झिरपले तर पायथ्याच्या विहिरींना लाभते, आणि धावले तर माती घेऊन जाते. गवताचे बुडखे व पृष्ठभागावरील खडे पाण्याचा वेग मोडून ते झिरपू देतात. म्हणून माळावरील सुटे दगड वेचून रान ‘स्वच्छ’ करण्याची हौस डोंगरउतारावर नुकसानीची ठरते. दगड थेंबांचा मार स्वतःवर घेतात आणि खालच्या मातीची ओल उन्हापासून राखतात.

सर्वच खडे सारखे नसतात, हेही ध्यानात घ्यावयास हवे. अभंग पाषाणाचा खडा हातोडीने ठोकला असता खणखणतो. त्यात पाणी शिरत नाही. कुजलेल्या मुरमाचा खडा भुसभुशीत असतो, थोडे पाणी पितो, आणि त्याच्या फटींत गवताच्या केसासारख्या मुळ्या शिरलेल्या दिसतात. खडे तितकेच, पण मुरमाचे, असलेली जमीन उघडिपीत दोन-तीन दिवस अधिक तग धरू शकते. खड्ड्याच्या तळाचीही अशीच पारख करावी. पहार आदळून नाद आला तर खाली अखंड खडक आहे. फावड्याने वा कुदळीने तळ खणता आला तर तो मुरूम आहे, आणि त्यात झाडाचे मूळ वाट काढू शकते.

अन्नद्रव्यांच्या दृष्टीने बारीक मातीचा अंश मुळीच वाईट नाही. बेसाल्टपासून झालेली ही माती सामान्यतः उदासीन असते आणि तिच्यातील चिकण अंश अन्नद्रव्ये चांगली धरतो. उणीव असते ती नत्राची, स्फुरदाची आणि एकंदर परिमाणाची. येथे माती परीक्षणाचा अहवाल वाचताना नेहमी एक चूक घडते. प्रयोगशाळेत नमुना आधी चाळला जातो व खडे टाकून दिले जातात. अहवालातील आकडे फक्त चाळलेल्या मातीचे असतात. सेंद्रिय कर्ब ०.८० टक्के आला की तो भरपूर वाटतो. परंतु १० किलो नमुन्यात ६ किलो खडे असतील, तर सर्व जमिनीच्या मानाने तो कर्ब ०.३२ टक्केच भरतो. नमुना पाठविताना खड्यांचे वजन करून ते सोबत लिहून ठेवल्यास ही फसगत टळते.

आता प्रतवारीकडे वळू. महाराष्ट्रात जमिनीची प्रत ठरविण्याची पद्धत जुनी आहे. मुंबई इलाख्याच्या जमीन मोजणीत विंगेट व गोल्डस्मिड ह्यांच्या कामातून जी पद्धत आकारास आली व १८४७ सालच्या संयुक्त अहवालाने पक्की झाली, तीत हातांनी खोली मोजून जमिनीचे नऊ वर्ग पाडीत आणि त्यांची किंमत आण्यांत मांडीत. बारीक पोताची काळी जमीन पहिल्या जातीची. खडेमिश्रित, भुसभुशीत व फिक्या रंगाची जमीन तिसऱ्या जातीची. उतार, चुनखडी, वाळूची भेसळ ह्यांसारखा दोष आढळला की वर्ग एक पायरी उतरे. सात-बाराच्या उताऱ्यावरील आकार ह्याच प्रतबंदीतून आलेला आहे. तिचा हेतू सारा ठरविण्याचा होता. तथापि खोली व पोत ह्यांवर तिने दिलेला भर आजही योग्यच ठरतो.

आजचे मृदा सर्वेक्षण अमेरिकेच्या कृषी खात्याने १९७५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केलेली वर्गीकरणपद्धती वापरते. नागपूर येथील राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोच्या नकाशांवर डोंगरउतारांच्या जागी ‘लिथिक उस्टॉर्थेंट’ असे नाव पुष्कळदा आढळते. नाव बोजड असले तरी ते वाचता येते, व ते उलटे वाचावे लागते. शेवटचे ‘एंट’ म्हणजे एंटिसॉल, ज्या जमिनीत थर अद्याप नीट घडलेले नाहीत ती कोवळी जमीन. ‘ऑर्थ’ म्हणजे त्या गटातील सर्वसामान्य. ‘उस्ट’ म्हणजे जेथे ओल मर्यादित, पण पिकाच्या हंगामात मिळते असे हवामान. ‘लिथिक’ म्हणजे ५० सेंटिमीटरच्या आत अखंड खडक. पहारीचा नाद ज्या खड्ड्यात ऐकू येतो तोच हा ‘लिथिक’. तळाशी फावड्याने खणता येणारा मुरूम लागला तर हा शब्द लागू होत नाही. नावाआधी ‘स्केलेटल’, म्हणजे सांगाड्याची, असा शब्द असल्यास खड्यांचे आकारमान शेकडा ३५ किंवा अधिक आहे असे समजावे. वरील उदाहरणातील जमीन त्यातच मोडते.

ह्या नावावरून जमिनीचा स्वभाव कळतो. वापर ठरविण्यासाठी भूमिक्षमतेचे आठ वर्ग आहेत. पहिले चार लागवडीचे, पुढचे चार लागवडीस अयोग्य. उथळ, खडेमय व उताराची जमीन सहसा सहाव्या किंवा सातव्या वर्गात पडते. सहाव्यात कुरण सुधारता येते. सातव्यात गवत व झाडे राखावी, चराई अगदी बेताची ठेवावी. आठव्या वर्गात उघडे कडे व खडक येतात.

लागवडीस अयोग्य म्हणजे तेथे पीक उगवणारच नाही, असे नव्हे. नव्याने फोडलेल्या माळावर पहिल्या वर्षी हुलगा किंवा बाजरी बरी येते, आणि येथेच शेतकरी फसतो. वर्षानुवर्षे गवताने साठविलेला कर्ब त्या पिकास मिळालेला असतो. नांगराने बुडखे उपटले गेल्यावर माती उघडी पडते. वरच्या उदाहरणात खऱ्या मातीची पुंजी १०० मिलिमीटरचीच आहे. एक मिलिमीटर वाहून गेला की शेकडा एक भाग संपला. एका हेक्टरावर हा एक मिलिमीटर सुमारे १३ टन भरतो. उघड्या उतारावर एखाद-दुसऱ्या वळिवात एवढी माती जाणे नवलाचे नाही, आणि ती परत तयार होण्यास माणसाचे आयुष्य पुरत नाही.

जमीन कोणत्या अवस्थेत आहे हे तिच्यावरील गवत सांगते. शेडा, पवना व मारवेल टिकून असतील तर कुरण अद्याप सुस्थितीत आहे. कुसळीचे प्रमाण वाढू लागले तर जादा चराई किंवा वणवा ह्यांची ती खूण समजावी. कुसळी कोवळेपणी जनावरे खातात. पण कुसे पक्व झाल्यावर ती मेंढ्यांच्या लोकरीत व तोंडात रुततात. म्हणून ती कुसे धरण्यापूर्वीच कापावी. अशा जमिनीत स्टायलो ह्या द्विदल चाऱ्याचे बी पावसाच्या सुरुवातीस गवतात फोकून दिल्यास नत्राची उणीव काही अंशी भरून निघते; त्यासाठी नांगरट लागत नाही.

चराईबंदीचा प्रश्न मात्र केवळ जमिनीचा नाही. पर्जन्यछायेतील धनगरांचे मेंढ्यांचे कळप पावसाळ्यात गावी असतात, आणि नेमक्या त्याच काळात गवत फुटत असते. संपूर्ण बंदी घातल्यास ती रात्रीतून मोडते. कुरणाचे तीन-चार वाटे पाडून दरवर्षी एका वाट्यास बी पडेपर्यंत विश्रांती द्यावी, व तो वाटा कोणता हे मेंढपाळांना बरोबर घेऊन ठरवावे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने १९९० नंतर चराईबंदी पाळली ती गवत कापून नेण्याची मोकळीक ठेवून. त्यामुळे बंदीचा भार ज्यांच्याकडे जनावरे आहेत त्यांनाही सोसवला.

सलग समतल चर सुचविण्यापूर्वी तळाची पारख अवश्य करावी. खाली मुरूम असेल तेथे चर खोदल्याने पाणी मुरते. वीतभरावर अखंड खडक लागत असेल तर चर खोदण्यासाठी आहे तेवढी मातीही उकरली जाते. तेथे वेचलेल्या नव्हे, तर उतारावर आधीच सुट्या पडलेल्या मोठ्या दगडांचे समपातळीवर बुटके बांध घालून मध्ये गवत राखणे बरे. एकाच डोंगरावर शंभर पावलांच्या अंतरात दोन्ही प्रकार सापडतात. ह्याकरिता माथा, मध्य व पायथा अशा तीन ठिकाणी तरी खड्डे घ्यावेत आणि प्रत्येकाची खोली, खड्यांचे प्रमाण व तळाचा प्रकार गट क्रमांकासह गावाच्या नोंदवहीत लिहून ठेवावा.