प्रवाळ जलजीवालय

प्रवाळ जलजीवालय : प्रवाळ, मासे व प्रवाळभित्तीवर आढळणारे इतर सजीव ज्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत एकत्र पाळतात, तिला प्रवाळ जलजीवालय म्हणतात. नव्या टाकीत जैव समतोल प्रस्थापित होण्यास अनेक आठवडे लागतात व खर्चही पुष्कळ येतो. म्हणून काही हौशी लोक वापरलेली टाकी खडक, वाळू व प्राणी यांसह विकत घेतात. अशा टाकीची पुनःस्थापना यशस्वी होणे हे काच व पंप यांपेक्षा तिच्या खडकांतील सूक्ष्मजंतू जिवंत राहण्यावर अधिक अवलंबून असते.

जैव शुद्धीकरण : प्राण्यांचे उत्सर्जित पदार्थ व उरलेले अन्न यांपासून अमोनिया तयार होतो, तो अल्प प्रमाणातही विषारी असतो. सच्छिद्र खडकांच्या पृष्ठभागावरील सूक्ष्मजंतू ऑक्सिजनाच्या साहाय्याने त्याचे प्रथम नायट्राइटात व नंतर नायट्रेटात रूपांतर करतात. खडकांच्या अंतर्भागात, जेथे ऑक्सिजन जवळजवळ नसतो तेथे, दुसऱ्या प्रकारचे सूक्ष्मजंतू नायट्रेटापासून नायट्रोजन वायू मुक्त करतात. अशा ‘जिवंत खडकां’वर आधारलेली पद्धत जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केली. हे सूक्ष्मजंतू मुख्यत्वे पृष्ठभागांना चिकटून राहतात. त्यामुळे जुने पाणी तेवढे जपले आणि खडक वाळू दिले, तर शुद्धीकरणाची यंत्रणाच नष्ट होते.

टाकीची तपासणी : काचांचे सांधे तपासण्यासाठी टाकी सपाट जागी पाण्याने भरून एकदोन दिवस ठेवतात. २०० लि. समुद्राच्या पाण्याचेच वजन सु. २०५ किग्रॅ. भरते, खडक व काच यांचे वजन वेगळे. त्यामुळे आधाराची चौकट मजबूत व समतल असावी लागते. माशांच्या रोगांवर पूर्वी तांबेयुक्त औषध वापरले होते काय, याची चौकशी आवश्यक असते. तांबे खडकांत व वाळूत शोषले जाऊन पुढे पाण्यात उतरू शकते व त्यामुळे प्रवाळ, कोळंबी इ. अपृष्ठवंशी प्राणी मरतात.

स्थलांतर : शुद्ध केलेल्या गोड्या पाण्यात कृत्रिम समुद्री लवण विरघळवून नवे पाणी आदल्या दिवशीच तयार करतात. प्रथम प्रवाळ व नंतर खडक बाहेर काढतात. आडोसा नाहीसा झाल्यावर मासे पकडणे सोपे जाते. हे सर्व जुन्या पाण्याने भरलेल्या झाकणाच्या पात्रांतून नेतात आणि प्रवास लांबल्यास पाण्यात हवा सोडतात. खडक उघडे पडल्यास त्यांतील स्पंज व कृमी मरून कुजतात आणि अमोनिया वाढतो. जुन्या वाळूच्या जाड थरात कुजका गाळ व हायड्रोजन सल्फाइड साठलेले असते. तो ढवळला गेल्यास मासे दगावतात. म्हणून वाळू स्वच्छ धुऊन घेतात किंवा बदलतात.

काही खडकांवर झोअँथिड गटातील प्राणी असतात. त्यांपैकी काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असते. ते १९७१ मध्ये प्रथम अलग करण्यात आले. असे खडक उकळल्यास वाफेबरोबर विष श्वासात जाऊन माणसाच्या जिवाला धोका निर्माण होतो. म्हणून खडक उकळू नयेत व हाताळताना हातमोजे आणि चष्मा वापरावा.

परिस्थिती व देखभाल : तापमान २४°–२७° से., लवणता दर हजारी सु. ३५ भाग आणि पीएच मूल्य ८·० ते ८·४ असावे लागते. प्रवाळांच्या सांगाड्यासाठी दर लिटरला ४००–४५० मिग्रॅ. कॅल्शियम लागते. त्यांच्या ऊतकांतील सूक्ष्म शैवले प्रकाशसंश्लेषणाने अन्न पुरवितात. म्हणून पुरेसा प्रकाश आवश्यक असतो. बाष्पीभवनाने घटलेले पाणी गोड्या पाण्यानेच भरून काढतात, कारण लवणे मागे राहिलेली असतात. पुनःस्थापनेनंतर पहिले काही आठवडे अमोनिया व नायट्राइट वारंवार मोजतात, अन्न बेताने देतात व नवे प्राणी सोडत नाहीत. अमोनिया आढळल्यास पाण्याचा काही भाग तातडीने बदलतात.

कायदा : भारतात २००१ मध्ये भित्ती निर्माण करणाऱ्या प्रवाळांचा समावेश वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूचीत करण्यात आला. त्यामुळे मालवण, लक्षद्वीप इ. ठिकाणच्या समुद्रातून असे प्रवाळ काढणे किंवा त्यांचा व्यापार करणे हा गुन्हा आहे.