कान ऐकतात, डोळेही ऐकतात

रामदास पाध्ये यांचा अर्धवटराव बोलू लागला की सभागृहातली लहानथोर मंडळी त्या बाहुल्याच्या तोंडाकडेच पाहत राहतात. आवाज बाहुल्याचा नाही, हे सर्वांना ठाऊक असते. तरीही तो तिथूनच आल्यासारखा वाटतो. ओठ जिथे हलतात, आवाजही तिथलाच, असा निवाडा मेंदू परस्पर देऊन टाकतो.

शाळेत आपण पाच ज्ञानेंद्रिये शिकलो, ती जणू पाच वेगळी खाती असावीत अशी. प्रत्यक्षात ही खाती सतत एकमेकांच्या कागदांत डोकावत असतात. १९७६ साली हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड या मानसशास्त्रज्ञांनी 'नेचर'मध्ये एक चमत्कारिक प्रयोग मांडला. पडद्यावरच्या चेहऱ्याचे ओठ 'गा' म्हणत होते, कानावर मात्र 'बा' पडत होते. मोठ्या माणसांपैकी बहुतेकांना ऐकू आले 'दा'! डोळे मिटले की पुन्हा स्वच्छ 'बा'.

हा मेळ मेंदूत अनेक ठिकाणी बसतो. पण मध्यमेंदूतल्या 'सुपीरियर कॉलिक्युलस' या लहानशा उंचवट्यात तो फार स्पष्ट दिसतो. बॅरी स्टाइन आणि अ‍ॅलेक्स मेरेडिथ यांनी १९८०च्या दशकात मांजरांवर प्रयोग केले. प्रकाश आणि आवाज एकाच जागेवरून, जवळजवळ एकाच वेळी आले, तर तिथल्या काही चेतापेशी कितीतरी जोराने प्रतिसाद देत. दोन्ही खुणा क्षीण असताना तर हा फायदा सर्वांत मोठा. डोळे आणि मान वळवण्याचे हुकूमही याच भागातून सुटतात. म्हणूनच तिन्हीसांजेला पाचोळा सळसळला आणि त्याच क्षणी तिथे काही हलले, तर 'साप!' म्हणण्याआधीच आपली मान वळलेली असते.

हा मेळ अनुभवाने घडतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात एरिक नुडसेन यांनी गव्हाणी घुबडाच्या पिल्लांना दृश्य बाजूला सरकवणारे लोलकाचे चष्मे लावले. काही आठवड्यांत पिल्लांचा आवाजाच्या दिशेचा अंदाजही तेवढाच सरकला. कानांनी डोळ्यांशी जुळवून घेतले होते.

आता घरातली गोष्ट. माझ्या आईला उतारवयात कमी ऐकू येई. समोर बसून बोलले की ती गप्पांत रंगे. आतल्या खोलीतून कुणी हाक मारली तर नुसता आवाज पोचे, शब्द नाहीत. २०२० साली करोनामुळे सर्वांच्या तोंडावर मास्क आले आणि भाजीवाल्याशी हुज्जत घालणारी आई एकाएकी गप्प झाली. शेजाऱ्यांना वाटले, तिने साथीची धास्ती घेतली. खरे तर तिचा ओठांचा आधार गेला होता. गोंगाटात बोलणाऱ्याचा चेहरा दिसला तर शब्द अधिक कळतात, हे सम्बी आणि पोलॅक या संशोधकांनी १९५४ सालीच दाखवले होते.

तेव्हा, घरात कमी ऐकणारे कुणी असेल तर ओरडू नका. टीव्ही बंद करा, दिवा लावा, समोर बसा आणि सावकाश बोला. श्रवणयंत्र लागत असेल तर ते जरूर घ्यावे. पण त्याच्या जोडीला आपला चेहराही द्यावा.